एक केबल, तीन तारा आणि रिमचा घोळ

(प्रवासात ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढलंय.)

हेडफोन लावले असतील तर आधी एक आवाज ऐका.

[धप... धप... टक... धप...]

ऐकलंत? तीनदा ‘धप’ आणि एकदा ‘टक’. पॅड एकच, स्टिक एकच, मारणारा हातही एकच. ‘धप’ आला तो मधल्या रबरावर मारल्यावर. ‘टक’ आला तो कडेवर, म्हणजे रिमवर मारल्यावर. आता गंमत बघा. या पॅडमधून मशीनकडं एकच केबल जाते. मग मशीनला कळतं कसं, की स्टिक मधी पडली का कडेला?

आजचा भाग एवढ्या एका प्रश्नावर आहे. आणि हा प्रश्न मला ऑफिसात नाही, गावाकडं पडला.

मी मूळचा तलवाड्याचा. गेवराई तालुका, बीड जिल्हा. त्वरितादेवीचं देऊळ आहे ना, तेच गाव. बीटेक करून आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझा शाळेपासूनचा एक दोस्त बँजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवतो. नाव सांगू नको म्हणालाय, म्हणून आपण त्याला दोस्तच म्हणू. त्याच्या घरचे दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, टोळीबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसायचं आणि चार-पाच महिने कारखान्याच्या भागात काढायचे. बीडवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. यंदा दोस्त म्हणाला होता, “मी कोयता धरणार नाही. लग्नसराईत वाजवूनच कमवतो.”

त्यासाठी त्यानं गणपतीच्या आधी एक जुना, वापरलेला दोन झोनचा पॅड घेतला. ऑक्टापॅडच्या मागं ‘ट्रिगर इन’ लिहिलेली भोकं असतात, तिथं असे बाहेरचे पॅड जोडता येतात. मधी मारलं की स्नेअर, कडेला मारलं की रिमशॉट. गणपतीत मस्त चाललं. नवरात्रात एका कार्यक्रमात मात्र गाणं सुरू झालं आणि कुठंही मारलं तरी नुसतं टक, टक, टक. स्नेअर गायब. पार्टीचे मास्तर कीबोर्डवरून ओरडले, “अरे कडंला काहून मारायलास? मधी मार की!”

“मधीच मारायलोय, मास्तर!”

“मग मशीन खोटं बोलायलंय का?”

बघा, इथं आपण सगळेच फसतो. माणूस आणि मशीन यांच्यात वाद झाला की आपण मशीनच्या बाजूनं उभं राहतो. पुढच्या दोन कार्यक्रमांना मास्तरांनी दुसरा पोरगा बसवला. दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवलं, तर ते म्हणाले बोर्ड गेलाय, साडेचार हजार लागतील. तिकडं मुकादमाचा फोन सुरूच होता. तुळशीचं लग्न झालं की लग्नाच्या तारखा सुरू होतात, त्याआधी पार्टीत कोण राहणार हे ठरणार होतं. मी दिवाळीला घरी गेलो तेव्हा दोस्त पॅड पिशवीत घालून दारात हजर. “तू बीटेक हाईस ना? मग बघ.”

बीटेक कॉम्प्युटर आणि हे काम, यात किती अंतर आहे ते त्याला कोण सांगणार! पण बसलो.

आता थोडं आतलं समजून घेऊ, मग पुढची गोष्ट.

पहिली गोष्ट, पॅड आवाज काढत नाही. ढोलकीला शाई असते, पान असतं, हवा असते, म्हणून ती वाजते. पॅड फक्त खबर देतो. रोलंड कंपनीनं १९८५ साली ‘पॅड-८’ नावाचा पहिला ऑक्टापॅड काढला, त्याच्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड, आणि कुठल्या पॅडवर किती जोरात मार बसला हे दुसऱ्या यंत्राला कळवायचं, एवढंच त्याचं काम. कळवायची भाषा म्हणजे मिडी, ती १९८३ मध्ये आली. पुढं त्याच पेटीत आवाजही आले, तबला-ढोलक आले, आणि आपल्याकडं ‘ऑक्टापॅड’ हा शब्द झेरॉक्ससारखा झाला. कंपनी कुठलीही असो, आपण ऑक्टापॅडच म्हणतो. पण आतला हिशोब आजही तोच आहे. खबर वेगळी, आवाज वेगळा.

ही खबर देणारा असतो पिएझो. घरातला गॅस पेटवायचा लायटर आठवा. खटका दाबला की ठिणगी पडते, सेल लागत नाही. आतल्या एका विशिष्ट पदार्थावर ठोका बसला की वीज तयार होते. हा गुण १८८० मध्ये जाक आणि पिएर क्युरी या दोघा भावांनी दाखवला. पॅडमध्ये हाच प्रकार चकतीच्या रूपात असतो. पितळेची पातळ गोल पत्री आणि तिच्यावर पांढरट सिरॅमिकचा थर. साधारण पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, बऱ्याचदा २७ किंवा ३५ मिलिमीटरची. तिला दोन तारा. स्टिक पडली की चकती किंचित वाकते, थरथरते आणि व्होल्टेज देते. हळू मारलं तर थोडं, जोरात मारलं तर जास्त.

मशीन काय करतं? सतत त्या तारेकडं बघत बसतं. व्होल्टेज एका ठरावीक रेषेच्या वर गेलं की म्हणतं, “मार बसला.” ही रेषा म्हणजे थ्रेशोल्ड. मग दोन-तीन मिलिसेकंद थांबून बघतं की व्होल्टेज जास्तीत जास्त किती चढलं. हा स्कॅन टाइम. त्या उंचीवरून १ ते १२७ मधला एक आकडा ठरतो आणि तेवढ्या जोरात आवाज निघतो. त्यानंतर थोडा वेळ मशीन मुद्दाम कानाडोळा करतं, कारण चकती अजून थरथरत असते. नाहीतर एका माराचे तीन मार मोजले जातील. हा मास्क टाइम. मी ऑफिसात एकाच बटणावर दोनदा क्लिक झालं तर पेमेंट दोनदा जाऊ नये म्हणून कोड लिहितो. सेम टू सेम तेच!

वरातीत वाजवणाऱ्यांसाठी इथं एक कामाची गोष्ट. टेम्पोवर बेसचे डबे आणि जनरेटर असतो, सगळा पत्रा हादरतो. त्या हादऱ्यानं पिएझोही हलतो आणि हात न लावता पॅड वाजतो. पॅडला भूत लागलेलं नसतं. स्टँडखाली जाड फोम टाका आणि थ्रेशोल्ड थोडा वाढवा. फार वाढवला तर मात्र हलके ठोके गिळले जातील, म्हणून थोडा थोडा करून बघा.

हे झालं एका झोनचं. एक पिएझो, दोन तारा, काम झालं. आता येतो रिम.

जी मोठी पिन आपण कीबोर्ड, गिटार, मिक्सरला लावतो, जिला साउंडवाले पी-३८ म्हणतात, ती हातात घ्या. तिच्यावर काळ्या रेघा दिसतील. एक काळी रेघ असेल तर पिनचे दोन भाग होतात, टोक आणि दांडा. ही मोनो. दोन काळ्या रेघा असतील तर तीन भाग होतात, टोक, मधलं कडं आणि दांडा. ही स्टीरिओ. टिप, रिंग, स्लीव्ह म्हणतात ते हेच. म्हणजे स्टीरिओ केबल बाहेरून एक दिसली तरी आत तीन रस्ते आहेत. दांड्याचा रस्ता अर्थिंगचा, सगळ्यांचा सामाईक. टोकाचा रस्ता मधल्या पिएझोचा. आणि उरलेला कड्याचा रस्ता रिमसाठी.

या तिसऱ्या रस्त्यावर काय पाठवायचं, याच्या मुख्य तीन पद्धती आहेत.

पहिली, पिएझो-पिएझो. मधी एक चकती, कडेला दुसरी. एक टोकाला, एक कड्याला. पण पॅड तर एकच वस्तू आहे ना? मधी मारलं तरी कड हलते, कडेला मारलं तरी मध हलतो. म्हणून दोन्ही तारांवर प्रत्येक वेळी काहीतरी येतंच. मशीन दोन्हींची तुलना करतं. कडेची चकती मधल्यापेक्षा बरीच जास्त ओरडली, तर रिम. शेजारच्या घरात भांडण झालं तर आवाज आपल्याकडंही येतो, पण कुणाच्या घरात आहे ते कळतं ना, तसं. जाळीच्या पॅडमध्ये ही पद्धत बऱ्याचदा असते.

दुसरी, पिएझो-स्विच. मधी चकती, पण कडेला रबराखाली एक पट्टीसारखा स्विच. दाबला की कडं आणि दांडा एकमेकांना चिकटतात. मशीन कड्याच्या तारेवर स्वतःहून थोडं व्होल्टेज ठेवून असतं. स्विच दाबला गेला की ते शून्यावर येतं. इथं कामाची वाटणी झाली. किती जोरात मारलं ते पिएझो सांगतो, कुठं मारलं ते स्विच सांगतो. झांजेच्या पॅडला, म्हणजे सिंबलला, हीच पद्धत सोयीची पडते. खऱ्या सिंबलची कड बोटांनी धरली की आवाज बंद होतो ना? पिएझोला ते कळत नाही, कारण तो फक्त ठोक्याला बोलतो, धरून ठेवलेलं त्याला समजत नाही. स्विच मात्र दाबून धरला की दाबलेलाच राहतो. ठोका नाही आणि स्विच बंद, म्हणजे वादकानं कड धरलीय. मशीन आवाज कापतं.

तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडली. सिंबलला तीन जागा असतात, कड, पाठ आणि वरची वाटी. रस्ते मात्र तेवढेच. मग काय करायचं? दोन स्विच एकाच तारेवर टाकायचे, फक्त एका स्विचच्या वाटेत १० किलोओहमचा रेझिस्टर बसवायचा. समजा मशीननं कड्यावर १० किलोओहममधूनच ५ व्होल्ट ठेवलेत. कुठलाच स्विच दाबला नाही तर ५. थेट स्विच दाबला तर शून्य. रेझिस्टरवाला दाबला तर अर्धे, म्हणजे अडीच. एका तारेवर तीन उत्तरं! एक-दीड रुपयाच्या रेझिस्टरमध्ये तिसरा झोन. यामाहाचे तीन झोनचे पॅड या वळणानं चालतात. रोलंडनं जुन्या राइड सिंबलला दोन केबली दिल्या, कडेसाठी एक आणि वाटीसाठी एक. पुढं २०१६ मध्ये टीडी-५० आला तेव्हा त्यांनी स्नेअर आणि राइड सरळ यूएसबीनं जोडले. कुठं लागलं याचा हिशोब पॅडच करतो आणि मशीनला आकडे पाठवतो.

आता विचार करा. तिन्ही पद्धतींची पिन सारखी, भोक सारखं, केबल सारखी. पण भाषा वेगळी. स्विचवाला पॅड पिएझोची वाट बघणाऱ्या भोकात घातला, तर मध वाजेल आणि रिम मुका राहील. मशीन त्या तारेवर ठोका ऐकायला बसलंय आणि स्विच तर नुसता बंद-चालू होतोय. उलटं केलं तरी रिमची बोंबच. म्हणून जुना पॅड घेताना फक्त “दोन झोनचा आहे का” एवढं विचारू नका. “रिमला पिएझो आहे का स्विच” हे विचारा. आणि आपल्या मशीनच्या सेटिंगमध्ये पॅडचा प्रकार निवडता येतो का, तेही बघा.

बरं, परत तलवाड्यात येऊ.

दोस्ताचा पॅड स्विचवाला होता. कुठंही मारलं की टक, म्हणजे मशीनला वाटतंय स्विच कायम दाबलेला आहे. मी लगेच निकाल दिला, “रिमचा स्विच आत चिकटलाय.” तर्क चूक नव्हता. चूक ही, की मोजायच्या आधी मी पॅड खोलला. कडेचं रबर ओढताना पिएझोची केसासारखी बारीक तार माझ्या हातानं तुटली. आता टकही बंद! दोस्त काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. मला आजही ते बघणं आठवतं.

मग मी शहाण्यासारखं मल्टिमीटर मागवलं, शेजारच्या वायरमनकाकांकडून. बीपवर ठेवलं. एक टोक पॅडच्या सॉकेटमध्ये कड्याच्या पत्तीला, एक अर्थिंगला. शांत. रिम दाबला, बीप. सोडला, शांत. परत दाबला, बीप. स्विच एकदम ठणठणीत! मग चिकटलंय काय? केबल सॉकेटमध्ये घातली आणि परत मोजलं. बीईईप. थांबेचना. केबल काढली, शांत. घातली, बीप.

मी अजून डोकं खाजवत होतो. दोस्तानं केबलचं दुसरं टोक हातात फिरवलं आणि म्हणाला, “आरं, याला एकच काळी रेघ हाय.”

बस! मोनो पिन. जिथं कडं असायला पाहिजे तिथंही दांडाच आहे. म्हणून ती घातली की सॉकेटमधली कड्याची पत्ती थेट अर्थिंगला टेकते. मशीनच्या बाजूलाही तेच. मशीनला दिसतं, कड्यावर शून्य व्होल्ट, म्हणजे रिमचा स्विच दाबलेला. मग पिएझोवर कुठूनही ठोका आला तरी ते बिचारं म्हणतं, रिम! मशीन खोटं बोलत नव्हतं, मास्तर. त्याला तारेनं जे सांगितलं, तेच ते बोलत होतं. आणि माझा दोस्तही खोटं बोलत नव्हता. तो मधीच मारत होता.

मोनो केबल आली कुठून? दोस्तानं साउंडवाल्याला फोन लावला. नवरात्रात रात्री उशिरा सामान आवरताना काळ्या केबली काळ्या केबलीत मिसळल्या होत्या. आपली स्टीरिओ त्याच्या पेटीत आणि त्याची मोनो आपल्या पिशवीत. ती तिकडं कीबोर्डला लागून निवांत चालत होती, म्हणून त्यालाही पत्ता नाही. चोरी नाही, बिघाड नाही. अंधारात झालेली अदलाबदल. तिच्यापायी एका पोराचे दोन कार्यक्रम गेले, आणि सगळ्यांसमोर “तुला वाजवता येत नाही” हे ऐकावं लागलं ते वेगळंच.

तुटलेली तार बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं जोडून दिली. त्यानं एक सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. पिएझोच्या पांढऱ्या भागावर सोल्डरिंग गन टेकवून ठेवायची नाही. टेकव आणि उचल. जास्त तापलं की वरचा थर निघतो आणि चकती कामातून जाते.

कुणी अर्डुइनोवर स्वतःचा पॅड बनवत असेल, कॉलेजची पोरं बनवतात, तर त्यांनाही एक सूचना. पिएझो सरळ इनपुटला जोडू नका. जोरात मारलं की त्यातून बोर्डाला झेपणार नाही इतकं व्होल्टेज येतं. पिएझोच्या दोन तारांमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर टाका आणि जास्तीचं व्होल्टेज अडवायला झेनर डायोड लावा. रिमच्या स्विचला तर पिएझोही लागत नाही, एक डिजिटल पिन आणि पुल-अप पुरतो.

आणि जे वाजवतात त्यांच्यासाठी, पॅड खोलायच्या आधी करायचं काम. एक, केबलच्या दोन्ही टोकांच्या काळ्या रेघा मोजा. दोन झोनच्या पॅडला दोन्हीकडं दोन-दोन पाहिजेत. दोन, चालू असलेल्या दुसऱ्या स्टीरिओ केबलनं तपासा. तीन, मशीनमध्ये पॅडचा प्रकार कुणी बदलला नाही ना ते बघा. चार, मल्टिमीटरनं कडं आणि दांडा मोजा. रिम दाबल्यावर बीप आला तर स्विच जिवंत आहे. तीन झोनच्या पॅडला बीपवर विसंबू नका, ओहममध्ये मोजा. एका जागी शून्याजवळ, दुसऱ्या जागी १० किलोओहमच्या आसपास दिसेल. पाच, आपल्या केबलींना रंगीत टेप गुंडाळा. दहा रुपयांची टेप. दोस्तानं आता लाल गुंडाळलीय.

पुढं काय झालं? स्टीरिओ केबल परत आली. दोस्त पॅड घेऊन मास्तरांच्या घरी गेला. सांगत बसला नाही, जोडलं आणि वाजवलं. धप, धप, टक, धप. मग मोनो केबल लावून तेच वाजवलं. मास्तर जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, “तुळशीच्या लग्नानंतर ये.”

सगळं सोन्यासारखं झालं असं नाही. आईवडील टोळीबरोबर गेलेच. हा गावात राहिला, पहिल्या महिन्यात पाच तारखा मिळाल्या, मधल्या दिवसांत दुसऱ्याच्या रानात रोजानं गेला. पण यंदा त्यानं उचल घेतली नाही. बोर्ड बदलायला साडेचार हजार भरले असते, तर घेतली असती. आणि नव्या बोर्डावरही त्या केबलनं टकच वाजलं असतं.

तुमच्या गावात, तुमच्या पार्टीत असा कुठला पॅड मुका किंवा वेडा झाला असेल तर मला कळवा. फोटो पाठवताना पिनचा पाठवा, पॅडचा नंतर. भेटू पुढच्या भागात. तोवर मधी मारत रहा!

[धप... धप... टक... धप...]